वच्छलाबाईचा अंगठा

जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत मी कामाला लागले, तेव्हा निवडीच्या हॉलमध्ये एकच जागा रिकामी होती. खिडकीखालची. उजेड भरपूर, पाठीला भिंत, वरून वारा. मला वाटलं, नव्या बाईची दया आली वाटतं कुणाला. जागा दाखवायला आलेल्या रझियाभाभीनं माझ्या हातात सूप दिलं आणि आवाज खाली करून म्हणाली, "बैठो बहन. तुमसे पहले चार जनी बैठी थी इधर."

"मंग त्या कुठं गेल्या?"

"मरी बिरी नहीं कोई. भाग गयी." आणि तिनं हनुवटीनंच शेजारच्या बाईकडं दाखवलं.

शेजारची बाई म्हणजे वच्छलाबाई. एक गुडघा उभा, एक आडवा, मांडीवर सूप, आणि मान अशी खाली की मी आले, बसले, पदर सावरला, खाकरले, तरी वर झाली नाही. तासाभरानं तिनं पहिल्यांदा पाहिलं, तेही माझ्याकडं नाही, माझ्या सुपाकडं. हात घालून दाणे पसरले. मग माझं तासाभराचं निवडलेलं सगळं उचलून न निवडलेल्या ढिगावर उपडं केलं.

"पुन्हा," म्हणाली.

ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट असेल. त्यानंतर सोळा वर्षं मी तिच्या शेजारी बसले. लोक अजून विचारतात, एवढी वर्षं कशी काढली त्या बाईसंगं? मी म्हणते, पहिलं वर्ष रडून काढलं, पुढची तीन भांडून, आणि मग एक गोष्ट अशी झाली की भांडायलाच तोंड राहिलं नाही. पण ती गोष्ट सांगायच्या आधी बाई कशी होती ते सांगायला पाहिजे. नाहीतर तुम्ही तिला कैदाशीण तरी कराल, नाहीतर देवी तरी. दोन्ही नव्हती. खवट होती. खवट शेंगदाणा कसा, दिसायला चारचौघांसारखाच, पण दाताखाली आला की सगळा घास वाया.

आमचं काम काय होतं, तेही सांगते. कंपनीत यंत्रं होती, मोठमोठ्या चाळण्या होत्या, पण मूळ बियाणं बायकांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नव्हतं. संकरित ज्वारी करायची तर तिच्या आईचं बी वेगळं लागतं, बापाचं वेगळं. साहेबलोक मादी-नर म्हणायचे. आम्हाला लाज वाटायची. आम्ही आईचं पोतं, बापाचं पोतं म्हणायचो. हे बी थोडंच असतं. ते हसनाबादकडं, भोकरदनकडं, कुंभार पिंपळगावकडं शेतकऱ्यांच्या प्लॉटवर जातं आणि तिथं त्याच्यापासून पुढचं बियाणं तयार होतं. म्हणून त्यात दुसऱ्या जातीचा दाणा चालत नाही. फुटका, किडका, चिमलेला दाणा डोळ्याला दिसतो. दुसऱ्या जातीचा दाणा पांढऱ्यात पांढरा, तो कुणाला दिसणार? तो दिसतो शेतात, ज्वारीची ताटं डोक्याच्या वर गेल्यावर. तपासणीवाले येतात, भेसळ म्हणतात, आणि घरातल्या सगळ्यांनी राबून उभा केलेला प्लॉट रद्द करून निघून जातात.

म्हणून एका जातीच्या पोत्यांचा एक लॉट संपला आणि दुसरा उघडायचा, की झटकायचं. हा वच्छलाबाईचा कायदा. कंपनीचा नियम फक्त जमीन झाडायचा होता. हिच्या कायद्यानं उभं राहायचं, पदर झटकायचा, निऱ्या झटकायच्या, बांगड्या वर सारून मनगटं झटकायची, अंबाडा सोडून परत बांधायचा. ती समोर उभी राहून बघणार. आणि सगळ्यांना 'तुम्ही' म्हणणार. लग्न होऊन कालपरवा आलेल्या पोरीलासुद्धा "तुम्ही निऱ्या झटकल्या न्हाईत." आमच्याकडं बायका एकमेकींना गं म्हणतात, माय म्हणतात, फार तर आक्का म्हणतात. त्या 'तुम्ही'पेक्षा शिवी परवडली असती.

तिची दुसरी सवय याहून वाईट. हॉलमध्ये तीस बायका, हात चालू, तोंडं मोकळी. कुणीतरी म्हणायचं, "अगं, गेटवरच्या वॉचमनची बायको माहेराला निघून गेल्ती म्हणं." की लगेच माझ्या शेजारून आवाज, "तुम्ही बघितलं का ऐकलं?"

"ऐकलं."

"मंग सूप हलवा."

झालं. गप्पांचा मुडदा. रझियाभाभी मागून तिची नक्कल करायची, नाक वर करून, "सूरज उग्या? तुमने देखा या सुना?" आम्ही पदर तोंडात कोंबून हसायचो. वच्छलाबाईला ऐकू जायचं. तिला फरक पडत नव्हता, आणि त्याचाच आम्हाला जास्त राग यायचा.

मी आधी गोडीनं घेऊन पाहिलं. गावाकडून जवसाची चटणी आली होती, एक पुडी तिच्यासाठी नेली. "घ्या बाई, घरच्या जवसाची."

"हात तेलकट होतो," ती म्हणाली. "तेलकट हाताला दाणा चिकटतो." पुडी तिनं माझ्याकडं परत सरकवली, भिंतीकडं तोंड केलं आणि कोरडी भाकरी कांद्याबरोबर खाल्ली.

मग तक्रार केली. आमचे सुपरवायझर पाठकसाहेब, भला माणूस, पण कायम घाईत. उभ्याउभ्याच म्हणाले, "सुशीलाबाई, ती बाई मलाही सोसत नाही. पण तिनं अंगठा दिलेलं एक पोतं अजून परत आलेलं नाही. दुसरी कोण आहे का तशी? दाखवा, मी आजच्या आज तिची जागा बदलतो."

अंगठा म्हणजे असं, की लॉट निवडून झाला की कार्डावर हॉलमधल्या सगळ्यात जुन्या बाईची खूण लागायची. जुनी बाई वच्छलाबाई, आणि तिला सही येत नव्हती.

मग मी भांडले. तिसऱ्यांदा सूप उपडं केलं त्या दिवशी सगळ्यांदेखत ओरडले, "तुम्हाला तर पोलिसात घ्यायला पाहिजे होतं!"

मान वर न करता म्हणाली, "घेत न्हाईत. लिहिता-वाचता यावं लागतं."

सगळा हॉल हसला. कुणाला हसला, मला कळलं नाही.

पण त्याच दिवशी दुपारी तिनं नव्या लॉटचं कार्ड माझ्यापुढं धरलं. "वाचा." माझी शाळा तिसरीत सुटलेली. अक्षर ओळखीचं, पण वाचन म्हणजे दगडातून पाणी. मी जमेल तसं वाचलं. जातीचं नाव, लॉटचा आकडा, गावाचं नाव. आकड्यापाशी अडखळले आणि पुढं ढकललं.

"अंदाजानं वाचू नका. परत."

परत वाचलं. परत. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा तिनं कार्ड काढून घेतलं. त्या दिवसापासून प्रत्येक लॉटचं कार्ड मी वाचायचं, ती तीनदा ऐकायची. आज मी पेपर वाचते, पोथी वाचते, हे लिहिते आहे, ते त्या कार्डांच्या जिवावर. पण म्हणून ती माझी गुरू झाली असं नका समजू. शिकवायचं तिच्या मनातही नव्हतं. तिला कार्डावर काय आहे ते पाहिजे होतं.

कमल आली ती पुढच्या वर्षी. नवी नवरी, हिरवा चुडा, डोक्यात अबोलीचा गजरा. नवा लॉट उघडायचा होता. वच्छलाबाईनं तिला उभं केलं. पदर, निऱ्या, बांगड्या. मग म्हणाली, "गजरा काढा."

कमलचे डोळे भरले. "सासूबाईनं घातलाय."

"काढा."

तिनं काढला. वच्छलाबाईनं तो फडक्यावर झटकला, आणि ज्वारीचा एक दाणा पडला. एक. तिनं तो उचलून कमलच्या तळहातावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. त्यात गजरा तुटला होता.

त्या दिवशी आम्ही ठरवलं, हिच्याशी बोलणं बंद. एकूण एक बाईनं. कामापुरतंसुद्धा नाही. कार्ड मी न बोलता वाचून दाखवणार कसं? तर मी भिंतीला वाचून दाखवायची. दोन महिने चाललं ते. बोलायला चटावलेल्या तीस बायका, आम्हालाच ते जड झालं. तिच्या चेहऱ्यावर काही नाही. शेवटी पाठकसाहेबांना कळलं, ते आले, दोन्ही हात जोडून म्हणाले, "बायांनो, मिटवा आता."

वच्छलाबाई म्हणाली, "मिटवू नका, साहेब. दोन महिन्यांत एक दाणा भेसळ निघाली न्हाई. आणखी दोन महिने ऱ्हाऊ द्या."

रझियाभाभीनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! इसको तो इनाम लग्या!"

आता ती गोष्ट.

उन्हाळा होता. पेरणीच्या आधी मूळ बियाणं बाहेर पडायचं, म्हणून कामाची घाई. त्याच आठवड्यात कंपनीनं ठरवलं होतं की रोजंदारीवरच्या सहा बायका कायम करायच्या. कायम म्हणजे काय, ते रोजंदारीवर राबलेल्यालाच कळतं. आजारी पडलं तरी उद्या जागा आपली. माझे मालक रोलिंग मिलमध्ये होते. लाल सळई दंडाला लागून त्यांचा उजवा हात भाजला होता, चार महिने घरी बसून होते, आणि हात पहिल्यासारखा होईल का ते डॉक्टर सांगत नव्हते. घर माझ्या एकटीच्या कामावर चाललेलं. सहाच्या यादीत माझं नाव आहे, असं पाठकसाहेबांनी मला स्वतः सांगितलं होतं. वच्छलाबाईचंही होतं. सोमवारी यादी लागणार होती.

आणि शुक्रवारी कमलची ओटी भरायची होती. सातवा महिना, भाऊ न्यायला येणार, पुन्हा येईल तेव्हा येईल. जेवणाच्या सुट्टीत भरू म्हणून ठरलं.

वच्छलाबाई म्हणाली, "इथं न्हाई. आईचं पोतं उघडं आहे."

"बाहर तवा तप्या है, बाई," रझियाभाभी म्हणाली. "पेट से है बच्ची. धूप में बिठाऊँ?"

"लॉट संपू द्या. चार वाजता करा."

"चारला हिचा भाऊ येऊन उभा राहील!" मी म्हणाले. "एका बाईच्या ओटीला तरी आडवं येऊ नका."

तिनं आपल्या सुपावर फडकं टाकलं, उठली. दारातून एवढंच म्हणाली, "सुपं झाका." आणि बाहेर निंबाखाली पाठ करून उभी राहिली.

सगळ्यांनी सुपं झाकली. माझं फडकं मी कमलला बसायला अंथरलं होतं. माझं सूप उघडं राहिलं.

ओटी गव्हाची भरतात. घरात गहू नव्हते, आमच्याकडं ज्वारीचीही चालते, म्हणून मी घरची ज्वारी नेली होती. खण, नारळ, हळदीकुंकू. रझियाभाभी लांब बसून म्हणाली, "बेटा हुआ तो नाम पाठक रखना!" कमल खळखळून हसली, हसतच उठली, पदर हातातून निसटला आणि ओटीतले मूठभर दाणे फरशीवर सांडले.

ओटीचे दाणे पायाखाली जाऊ द्यायचे नसतात. हे कुणी सांगावं लागत नाही. मी लगेच वाकले, दोन्ही हातांनी गोळा केले. आणि बाईच्या हातात धान्य आलं की ते कुठं जातं? सुपात. लहानपणापासून हाताला एवढंच माहीत. मी ते दाणे शेजारच्या उघड्या सुपात टाकले.

टाकले आणि कळलं.

आईचं बी. त्यात माझ्या घरची, खायची ज्वारी. पांढऱ्यात पांढरी. मी हात घालून दाणे बाजूला करायला गेले आणि ते आणखीच मिसळले. आजूबाजूला पाहिलं. सगळ्या कमलभोवती, कुणी तिला पेढा भरवत होतं, कुणी पाया पडायला लावत होतं. दारात सावली पडली. वच्छलाबाई येत होती. मी सूप उचललं आणि पोत्यात ओतलं.

हे घाबरून केलं का लबाडीनं, मला अजून सांगता येत नाही. हाताला अर्धा क्षण लागला.

ती आली. सगळ्यांना झटकायला लावलं. मग फरशीकडं पाहिलं. एक दाणा कोपऱ्यात राहिला होता. तो उचलला, तळहातावर धरला.

"दाणे सांडले?"

"थोडे," मी म्हणाले.

"कुठं गेले?"

"कमलच्या ओटीत टाकले परत."

"टाकताना कुणी बघितलं?"

कुणी पाहिलंच नव्हतं. तिनं माझ्या रिकाम्या सुपाकडं पाहिलं, मग पोत्याकडं. मग माझ्याकडं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं पाहत होती. मी मान वळवली आणि कमलला म्हणाले, "पोहचल्यावर निरोप धाड गं."

शनिवारी मी कामावर गेले. तिनं माझं सूप तपासलं नाही, आणि ते मला मारल्यापेक्षा वाईट लागलं. दर वेळी ती हात थांबवायची तेव्हा वाटायचं, आता बोलते, आता बोलते. रविवारी घरी मालक म्हणाले, "उद्या यादी ना? पेढे आणायला सांगू का?" मी त्यांच्यावर उगाच ओरडले. माझ्या डोक्यात एकच हिशोब, मूठभर दाणे म्हणजे किती ताटं? पाचशे? हजार? हसनाबादची कुठली तरी बाई सकाळी ओळीतून चालत जाईल, वर बघेल, आणि तिला दुसरीच ताटं दिसतील. तिला माझं नाव कधी कळणार नाही. हेही मी मनाला सांगून पाहिलं. बरं वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाही.

सोमवारी दहाला दारात टेंपो लागला. पोती औषध लावायला दुसऱ्या शेडवर जायची होती. पाठकसाहेब कार्ड आणि शाईचा डबा घेऊन आले. "वच्छलाबाई, अंगठा."

"मी देत न्हाई."

"म्हणजे?"

"शुक्रवारी अर्धा तास मी हॉलमध्ये नव्हते. माझ्या डोळ्यासमोर झालं न्हाई ते. अंगठा कशाचा देऊ?"

"भेसळ झाली का?"

"ठाव न्हाई."

"कुणी केली?"

"ठाव न्हाई म्हणते ना, साहेब. मी नव्हते."

पाठकसाहेबांचा चेहरा लाल झाला. माणूस भला, पण वरून त्यांच्यावरही दाब होता. "बाई, टेंपो उभा आहे. पेरणी डोक्यावर आहे. भेसळ झाली असेल तर सांगा, नसेल तर अंगठा द्या. दोन्ही नाही म्हणजे काय? हे बघा, आज दुपारी यादी लागते. हा आडमुठेपणा चालू राहिला तर मी तुमचं नाव काढीन. कायमचं सोडा, रोजंदारीवरही ठेवणार नाही."

"काढा," ती म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता.

बायका चिडल्या. कुणी म्हणालं, "कामून उगा आडवी येऊन राह्यली ही?" कुणी म्हणालं, "सगळ्यांचीच यादी अडकवती बघ." रझियाभाभी मात्र माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि पुटपुटली, "पागल औरत. घर में माँ बिस्तर पे पड़ी है, दो साल से. कमानेवाली अकेली यही है."

मला हे माहीत नव्हतं. चार वर्षं खांद्याला खांदा लावून बसले, मला तिच्या घरात कोण आहे हे माहीत नव्हतं.

पाठकसाहेबांनी यादीचा कागद खिशातून काढला. पेनचं टोपण काढलं. मी वच्छलाबाईकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहत नव्हती. एकदा जरी पाहिलं असतं, डोळ्यानं जरी म्हणाली असती "सांगा", तरी मी कदाचित हट्टानं गप्प बसले असते. ती खाली, आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होती.

"साहेब, मी केलं," मी म्हणाले.

नंतर सगळं सांगितलं. कोणतं पोतं तेही दाखवलं. ते पोतं बाजूला निघालं. बाकीच्या पोत्यांसाठी वच्छलाबाईनं, प्रत्येक बाईला विचारून, कुणाचं सूप कुठं होतं ते बघून, मग अंगठा दिला. टेंपो गेला. दुपारी यादी लागली. सहावं नाव माझं नव्हतं. पाठकसाहेब म्हणाले, "कामावर ठेवतो, एवढंच करू शकतो." तेवढंही खूप होतं, पण तेव्हा मला तसं वाटलं नाही. घरी जाऊन मी मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं केलंस." तसं म्हणताना भाजलेला हात त्यांनी पदराखाली झाकावा तसा उपरण्याखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आज तरी ही बाई काहीतरी बोलेल. दोन शब्द. माझ्यामुळं तिचं नाव राहिलं, आणि माझं गेलं. अकरा वाजता तिनं माझ्या सुपात हात घातला, दाणे पसरले, आणि सगळं ढिगावर उपडं केलं.

"पुन्हा."

मी रडले, ओरडले, काय काय बोलले. "तुमच्यामुळं माझं घर..." म्हणाले.

"माझ्यामुळं न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "दोन फुटके आहेत, बघा."

होते. दोन फुटके होते.

पुढं चार वर्षं मी रोजंदारीवरच राहिले. मालक कामाला लागले, पण डाव्या हातानं होईल तेवढंच. पाठकसाहेब बदलून गेले, नवे साहेब आले, तरुण, शिकलेले. पुन्हा यादी निघाली. नव्या साहेबांनी जुनी फाईल वाचली असणार, कारण ते हॉलमध्ये आले आणि माझ्यासमोरच वच्छलाबाईला विचारलं, "ही बाई कशी आहे?"

मी मनात म्हणलं, संपलं.

वच्छलाबाई म्हणाली, "चुकते."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं.

"पण चुकली की सांगते. बाकीच्या किती सांगतात, ते मला ठाव न्हाई."

मी कायम झाले. पेढे घेऊन तिच्यापुढं गेले, तर म्हणाली, "आधी हात धुवा."

असं करत करत वर्षं गेली. मी तिच्याशी भांडणं सोडलं, याचा अर्थ ती गोड झाली असं नाही. मला एवढंच उमगलं, की ती सूप उपडं करते ते माझं करत नाही. सूप उपडं करते. ते कुणाचं आहे, हे तिच्या गावीच नसतं. हे कळल्यावर माझा निम्मा ताप उतरला. उरलेला निम्मा शेवटपर्यंत राहिला, खोटं कशाला बोलू?

दोन हजार सालाच्या आसपास एका सकाळी तिनं सूप खाली ठेवलं आणि साहेबांना बोलावलं. "मला फुटका दाणा दिसेनासा झाला," म्हणाली. कुणाला कळलं नव्हतं, तिच्या हातून चूकही निघाली नव्हती. साहेब म्हणाले, "मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करा, दुसरं काम देतो, पिशव्या मोजा." ती म्हणाली, "दुसरं मला येत न्हाई." आई तिची केव्हाच गेलेली होती. महिन्याच्या शेवटी कंपनीनं साडी-नारळ दिला. भाषण कर म्हणाले, तर हात जोडून बसली.

मी तिला सोडायला गेटपर्यंत गेले. मिलमधून लोखंड भरलेले ट्रक चालले होते, धुरळा नुसता. टेंपोची वाट बघत उभ्या होतो. बारा वर्षं एक प्रश्न माझ्या पोटात होता. म्हणलं, आज नाही विचारलं तर कधीच नाही.

"बाई, त्या सोमवारी मी बोलले नसते, तर?"

"तर माझं काम गेलं असतं."

"तुम्हाला ठाव होतं, मीच केलं ते."

"वाटत होतं."

"मंग माझं नाव कामून घेतलं न्हाई? तुमची आई घरात तशी पडलेली..."

टेंपो आला, थांबला. मागं चार-पाच बायका बसल्या होत्या, त्यांनी तिला जागा केली. ती दांडा धरून चढली, नारळ मांडीवर घेतला. आणि मग माझ्याकडं नाही, कुठंतरी रस्त्याकडं बघत म्हणाली, "एकदा माझ्या हातून झाल्तं. इथं न्हाई, ह्याच्या आधीच्या जागी. लोकांनी दुसरीचं नाव घेतलं, आणि मी गप बसले. तिला काढलं. तान्हं लेकरू होतं तिला."

माझ्या तोंडून निघालं, "नाव काय होतं तिचं?"

टेंपोनं गिअर टाकला, धूर सोडला, निघाला. त्या आवाजात तिचं उत्तर मला ऐकू आलं नाही. पण तिनं उत्तर दिलं, ओठ हलले ते मी पाहिले. आठवायला तिला थांबावं लागलं नाही.